तारू यानातला अबोला

मंगळाच्या पलीकडे, जिथे बघावं तिथे नुसते धोंडेच धोंडे फिरत असतात, तिथल्या एका धोंड्यावर एक बचाव ठाणं होतं. ठाण्याचं एक यान होतं, त्याचं नाव तारू. कुणाचं यान बिघडलं, कुणी वाट चुकलं, कुणाला धोंड्याची धडक बसली, की तारू धावून जायचं. तारूवर तीन माणसं होती. यान चालवायच्या लीलाक्का शेवाळे. इंजिन आणि ओढायच्या दोराचा रहाट सांभाळायचे केरबानाना जगदाळे. आणि या दोघांचे म्होरके होते मुकुंदभाऊ गावडे.

लीलाक्कांसारखी चालक त्या भागात दुसरी नव्हती. केरबानानांसारखा रहाटावर हात बसलेला माणूसही नव्हता. अशी दोन माणसं हाताशी असल्यावर म्होरक्याने खरं तर पाय पसरून आरामात बसावं. पण मुकुंदभाऊंचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. कारण ही दोन गुणी माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

का, ते ऐकाल तर कपाळावर हात माराल. गेल्या दिवाळीत लीलाक्कांनी यान ठाण्यावर उतरवलं, तेव्हा जरासा धक्का बसला आणि केरबानानांचा चहा त्यांच्या नव्याकोऱ्या सदऱ्यावर सांडला. नाना म्हणाले, "अक्का, यान उतरवलंत की आपटलंत?"

झालं! उभ्या जन्मात अक्कांना असं कुणी बोललं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आजपासून माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही."

"बरं झालं," नाना म्हणाले, "तेवढीच कानाला विश्रांती."

मुकुंदभाऊंना वाटलं, होईल चार दिवसांत गोड. तोवर काम अडायला नको, म्हणून ते दोघांमधले निरोप पोचवू लागले. आणि चार दिवस गेले, महिने गेले, अबोला आपला मजेत नांदतोय!

यानाची पुढची खोली ती केवढी. डावीकडे अक्का, उजवीकडे नाना, मधे मुकुंदभाऊ. तरी अक्का म्हणायच्या, "मुकुंदभाऊ, त्यांना सांगा, इंजिन तापलंय."

नानांना हे स्वच्छ ऐकू यायचं. बहिरे थोडेच होते! पण नाना खिडकीबाहेर बघत बसायचे. मग मुकुंदभाऊ मान वळवून म्हणायचे, "नाना, इंजिन तापलंय."

"असं का?" नाना जणू आत्ताच कळल्यासारखे दचकायचे. "त्यांना सांगा, बघतो."

"अक्का, ते बघतायत."

"ऐकलं मी," अक्का म्हणायच्या.

ऐकलंत ना, मग माझं तोंड कशाला दुखवता, असं अगदी ओठांवर यायचं, पण मुकुंदभाऊ ते गिळून टाकायचे. ते झोपेतसुद्धा "सांगतो, सांगतो" असं बडबडायचे. चिडायचे, धुमसायचे, पण निरोप काही चुकवायचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर दोघंही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मुकुंदभाऊ आहेत म्हणून हे यान चाललंय." ते ऐकून भाऊंना मनातल्या मनात गुदगुल्या व्हायच्या.

एके दिवशी ठाण्यावरच्या रेडिओवर हाक आली. आवाज एका बाईचा होता.

"अहो, कुणी आहे का तिकडे? मी द्वारका सोनवणे, आचारीण. गुरूच्या चंद्रावर लग्न आहे, त्याचं जेवण रांधायला निघालेय. वाटेत मेल्या धोंड्याने यानाला भोक पाडलं. हवा चाललीय. अंगात घालायचा पोशाख होता, तोही फाटला. लवकर या. आणि बरोबर पंगतीचे लाडू आहेत, तेही वाचवा!"

तारू सुटलं. लीलाक्कांनी धोंड्यांमधून अशी वाट काढली की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. बघता बघता द्वारकामावशींचं यान दिसू लागलं. छोटंसं यान, इंजिन बंद पडलेलं, गडगडत आपलं पुढे चाललेलं.

पोशाखाशिवाय मावशींना यानाबाहेर पाऊल टाकता येणार नव्हतं. म्हणजे त्यांचं अख्खं यानच दोर बांधून तारूच्या दारापर्यंत ओढून आणायला हवं. एरवी दोराचा आकडा इथूनच फेकून अडकवता आला असता, पण ज्या कडीत तो अडकवायचा, ती कडीच धोंड्याने उडवली होती. कुणीतरी तिकडे जाऊन हाताने दोर बांधायला हवा होता. अक्का यान सोडू शकत नव्हत्या. नाना रहाट सोडू शकत नव्हते. उरले मुकुंदभाऊ.

पोशाख चढवता चढवता ते म्हणाले, "मी तिकडे गेल्यावर मधे कुणी नाही. तेवढ्यापुरतं तरी दोघं एकमेकांशी..."

"तुम्ही रेडिओवर आहातच की," अक्का म्हणाल्या.

"हो, रेडिओवर आहातच," नाना म्हणाले. अर्थात मुकुंदभाऊंना. एवढ्या एका गोष्टीवर त्या दोघांचं एकमत होतं!

मुकुंदभाऊ चरफडत बाहेर पडले. तरंगत तरंगत मावशींच्या यानाशी पोचले, त्याच्या पाठीला तीन पदरी दोर बांधला आणि दुहेरी दारातून आत शिरले. आत द्वारकामावशी लाडवांच्या डब्यावर बसल्या होत्या. भोकावर त्यांनी पुऱ्यांच्या कणकेचा भलामोठा गोळा थापला होता. पण कणीक वाळून तिला भेगा पडत होत्या, आणि भेगांतून हवा सूं सूं करत बाहेर चालली होती. भिंतीवरचा हवेचा काटा लाल खुणेला टेकला होता.

आता काम म्हटलं तर सोपं. आधी पळत्या यानाचा वेग मोडायचा, मग ते ओढून घ्यायचं. अक्कांनी तारू मागे घेतलं, की नानांनी त्याच क्षणी दोर थोडा सैल सोडायचा, म्हणजे हिसका बसत नाही. अक्का थांबल्या, की नानांनी दोर गुंडाळायचा. अबोल्याच्या आधी ही दोघं हे काम गप्पा मारत मारत करायची.

रेडिओतून अक्कांचा आवाज आला, "मुकुंदभाऊ, त्यांना सांगा, मी यान मागे घेतेय, दोर सोडा."

"नाना, दोर सो..."

खाडकन आवाज झाला. यानाला असा हिसका बसला की मावशी डब्यावरून खाली आल्या. दोराचा एक पदर तुटला होता.

"त्यांना सांगा," नाना म्हणाले, "आधी सांगावं, मग यान हलवावं."

"त्यांना सांगा," अक्का म्हणाल्या, "आधीच सांगितलं होतं."

मुकुंदभाऊंनी दात-ओठ खाल्ले. "पुन्हा करा! नीट करा!"

"त्यांना सांगा, मी गुंडाळतोय. यान जागेवर थांबवा."

"अक्का, यान था..."

खाडकन! दुसरा पदर गेला. मधे मुकुंदभाऊ बसलेले असताना मान वळवायला जेवढा वेळ लागे तेवढाच उशीर झाला होता. पण ताणलेल्या दोराला तेवढा उशीर पुष्कळ झाला. आता एकच पदर उरला होता. वर या हिसक्याने कणकेचा अर्धा गोळा निखळून पडला आणि सूं सूं वाढली. मावशी खोकायला लागल्या. मुकुंदभाऊंनी डोक्यावरची काचेची टोपी काढली, पाठीवरच्या नळकांड्याची तोटी उघडली आणि आपली सगळी हवा खोलीत सोडून दिली. काटा जरासा वर चढला. आता तो दोर तुटला असता तर दोघंही गेलीच म्हणायची.

रेडिओवर दोघांचं सगळं बोलणं मावशींनी ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, "भाऊ, ती दोघं निरनिराळ्या यानांत आहेत का?"

"नाही. एकाच खोलीत आहेत."

"मग एकमेकांचं ऐकू येत नाही?"

"येतं की."

"मग?"

"अबोला आहे त्यांचा," मुकुंदभाऊ म्हणाले. "एकाचं दुसऱ्याला मी सांगतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मावशी डोळे मोठे करून नुसत्या बघत राहिल्या. आणि आपण आत्ता काय बोललो, ते मुकुंदभाऊंना स्वतःलाच ऐकू आलं. दिवाळीपासून मी सांगतोय! अरे, मग त्यांनी एकमेकांशी बोलावं तरी कशाला? अक्कांचं काही अडत नाही, नानांचं काही अडत नाही. अडतंय ते फक्त माझं, आणि आज या बिचाऱ्या बाईचं. इतके दिवस गिळलेला सगळा राग एकदम वर आला. पण तो अक्कांवर जेवढा होता, नानांवर जेवढा होता, त्याच्या दुप्पट स्वतःवर होता.

ते रेडिओजवळ गेले. "लीलाक्का, केरबानाना, कान देऊन ऐका. एक पदर उरलाय. हवा संपत आलीय, आणि माझी हवासुद्धा मी यातच ओतलीय. माझ्या तोंडून निरोप जाईपर्यंत दोर तुटतो, हे दोनदा दिसलं. आता मी एक अक्षर बोलणार नाही. आजपासून माझाही अबोला. आम्हाला आणायचं की सोडायचं, ते तुमचं तुम्ही बोला!"

मग ते मावशींकडे वळले आणि हळूच म्हणाले, "मावशी, मी गप्प बसलो तर तुमच्या जिवाशी खेळ होईल."

"बोलत राहिलात तर दोर तुटणारच आहे," मावशी म्हणाल्या. "बसा गप्प."

मुकुंदभाऊ मूग गिळून बसले.

"मुकुंदभाऊ?" रेडिओतून अक्का म्हणाल्या. उत्तर नाही. "मुकुंदभाऊ, हा काय पोरखेळ? त्यांना सांगा..."

उत्तर नाही.

मग अक्का खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "कुणीतरी दोर सोडायला तयार असेल, तर यान मागे घेता येईल."

"कुणीतरी कधी घेणार ते सांगेल, तर दोर सोडता येईल," नाना रहाटाला म्हणाले.

हे ऐकून मुकुंदभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं मरायला टेकली आहेत आणि हे दोघं खिडकीशी आणि रहाटाशी गप्पा मारतायत! "नाना, सोडा" एवढे दोनच शब्द. ते जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. दिवाळीपासूनची सवय, ती काय अशी सुटते? त्यांनी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मावशींनी डब्यातला बुंदीचा लाडू काढला आणि अख्खाच्या अख्खा त्यांच्या तोंडात कोंबला. दुसरा लाडू त्यांनी भिंतीच्या भोकात दाबून बसवला.

सूं सूं जरा कमी झाली, पण काटा उतरतच होता. मावशींना पुन्हा खोकल्याची उबळ आली, आणि या खेपेला ती थांबेना. तो खोकला रेडिओतून तारूच्या त्या एवढ्याशा खोलीत ऐकू गेला. पाठोपाठ उरलेल्या पदराचा करकर आवाज गेला. मुकुंदभाऊंचा आवाज मात्र गेला नाही.

आणि अक्का किंचाळल्या, "अहो नाना! सोडा की तो दोर, माणसं मरतील!"

"सोडला, अक्का! हळू घ्या... अजून हळू... हां, थांबा!"

"थांबले. गुंडाळा, नाना!"

"गुंडाळतोय. डावीकडे जातंय ते, डावीकडे!"

"दिसतंय मला. आता सोडा... गुंडाळा!"

एकही हिसका बसला नाही. तो एकुलता एक पदर ताणला जात होता, सैल पडत होता, पण तुटत नव्हता. मुकुंदभाऊ तोंडात लाडू धरून ते बोलणं ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मावशींचं यान तारूच्या दाराला इतकं अलगद लागलं की डब्यातला एक लाडूसुद्धा हलला नाही.

दार उघडलं. आधी मावशी आल्या, मग लाडवांचा डबा आला, मग मुकुंदभाऊ आले. आत अक्का आणि नाना मोठमोठ्याने भांडत होते. दोघांचे चेहरे पांढरे पडले होते.

"पहिल्याच खेपेला सोडला असता दोर, तर?"

"पहिल्याच खेपेला माझ्याकडे बघून बोलला असतात, तर?"

इतकं सुंदर भांडण मुकुंदभाऊंनी जन्मात ऐकलं नव्हतं. मावशींना श्वास भरून घ्यायला दिला, पाणी दिलं, आणि तारू लग्नाच्या वाटेला लागलं.

थोड्या वेळाने भांडण निवलं. तिघं आपापल्या जागी बसले, मुकुंदभाऊ मधे. नानांनी घसा खाकरला आणि जुन्या सवयीने म्हणाले, "मुकुंदभाऊ, त्यांना सांगा..."

मुकुंदभाऊंनी मागे हात करून डब्यातला एक लाडू घेतला आणि तोंडात टाकला. मग ते उठले, मागे जाऊन मावशींशेजारी बसले. मधली जागा रिकामी झाली.

नाना बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "अक्का, आज यान अगदी अलगद लावलंत हो."

अक्का समोरच बघत होत्या. त्यांनी एक धोंडा चुकवला, दुसरा चुकवला.

"नाना," त्या म्हणाल्या, "त्या सदऱ्यावरचा डाग निघाला का?"

तात्पर्य: भांडायला दोघं पुरतात, पण अबोला टिकवायला तिसरा लागतो. तो तिसरा आपण होऊ नये.