सोपानने बदललेलं बटण

एका तालुक्याच्या गावात सोपान नावाचा एक भोळा संगणकवाला होता. सांगाल तेवढंच करायचा, पण जे करायचा ते मनापासून. म्हणून शैलजाबाईंना त्याचं कौतुक वाटे, आणि धास्तीही. बाई वधू-वर सूचक मंडळ चालवत. पूर्वी पेटीभर फोटो असायचे, आता वेबसाइट होती आणि ती सोपानच्या हाती होती. बाईंनी गावभर लग्नं जुळवली. स्वतःच्या मुलीचं, केतकीचं, तेवढं जमत नव्हतं, आणि ते त्यांना फार खुपत होतं.

वेबसाइटवर प्रत्येक स्थळाखाली 'पसंत आहे' असं बटण होतं. दाबलं तरी बटण ढिम्म. लोकांना वाटे, दाबलंच गेलं नाही. मग ते पुन्हा पुन्हा दाबत आणि मुलीच्या वडिलांचा फोन थांबत नसे.

"सोपान, बटण दाबलं की त्यावर 'कळवले' असं दिसू दे," बाई म्हणाल्या.

"बरं बाई."

एका मुलाने बटण दाबलं. 'कळवले' झालं. पण झालं ते सगळ्यांच्याच पडद्यावर. प्रत्येक मुलाला वाटलं, बाबांनी कळवलेलं दिसतंय. सगळे नुसते वाट बघत बसले.

"अरे, ज्याने दाबलं त्याच्यापुरतंच बदलायचं! दुसऱ्याला कशाला दाखवतोस?"

"चुकलं बाई. आता लक्षात ठेवीन."

त्याने ठेवलं. पुढे मोघ्यांच्या मुलीचं जमलं. त्यांनी 'जमलं का?' हे बटण दाबलं, त्याचं 'लग्न ठरले' झालं. फक्त मोघ्यांच्या पडद्यावर. रविवारी मोघ्यांकडे एक कुटुंब मुलगी बघायला आलं आणि पोहे खाऊन गेलं. आत साखरपुड्याच्या साड्या निवडणं चालू होतं.

"अरे देवा! असली गोष्ट लपवतात का? सगळ्यांना कळू दे!"

"बरं बाई. सगळ्यांना."

मग परांजप्यांनी एका मुलीच्या स्थळाखालचं 'विचार चालू' हे बटण दाबून 'नापसंत' केलं. सोपानने ते सगळ्यांना कळवलं. मुलीच्या आईने बाईंच्या दारात येऊन नको नको ते ऐकवलं.

"नकार असा चव्हाट्यावर मांडतात का रे? 'नाही' म्हणायचं असलं की 'पत्रिका जुळत नाही' म्हणावं. कुणाला लागत नाही."

"बरं बाई. कुणी 'नाही' म्हटलं, की पत्रिका जुळत नाही."

अशात केतकीसाठी रायरीकरांचं स्थळ आलं. माणसं सरळ, मुलगा गुणी. केतकीलाही तो मनापासून आवडला. वेबसाइटवर शेवटचा प्रश्न होता, 'देण्याघेण्याची काही अपेक्षा?' रायरीकरांनी 'नाही' दाबलं. बटणावर आलं, 'पत्रिका जुळत नाही'.

ते वाचून केतकी खोलीत गेली ती जेवायलाही आली नाही. जन्मभर बाईंनी हेच वाक्य लोकांना गोड आवाजात ऐकवलं होतं. ते लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग रायरीकरांचाच फोन आला. "बाई, आम्हाला हुंडा नको म्हटलं, तर तेवढ्याने पत्रिका कशी बिघडली?"

बाई धावतच सोपानकडे गेल्या. "सोपान्या, 'नाही' म्हणणारी माणसंच तर हवी आहेत आपल्याला! त्यांचं 'नाही' म्हणजे आपलं 'हो'! आत्ताच्या आत्ता बदल आणि कळव. म्हणावं, रविवारी या."

"बरं बाई. 'नाही' म्हणजे 'हो'."

सोपानने बदललं. जिथे जिथे कुणी 'नाही' दाबलं होतं, तिथे तिथे 'हो' केलं. नवीन आणि जुनं, दोन्ही. त्यात केतकीने आजवर नाकारलेली सगळी स्थळं होती. असली गोष्ट लपवायची नसते, म्हणून त्याने त्या सगळ्यांना रविवार कळवला.

रविवारी बाईंच्या घरात बसायला जागा उरली नाही. मोटार मागणारे आले होते. नोकरी सोड म्हणणारे आले होते. स्वयंपाकाची परीक्षा घेणारे पोह्यांत मीठ कमी आहे म्हणत होते. सगळ्यांच्या हातात पेढे होते. दारात जोडे काढून रायरीकर उंबऱ्याशी आले आणि थबकले.

"बाई, ही मंडळी कोण?"

सोपान लगबगीने पुढे झाला. त्याने हात जोडले.

"ही सगळी केतकीताईंनी 'हो' म्हटलेली स्थळं. तुम्हाला यायला जरा उशीर झाला. बसा, तुमचा नंबर लागला की हाक मारतो."

रायरीकरांनी काढलेले जोडे पुन्हा पायात घातले.