काकूचा चहा

खूप खूप मागे, डोंगराखालच्या एका गावात एक बंदूक राहायची. ती भिवबाच्या खुंटीवर आणि तिची काडतुसं शेजारच्या द्वारकाकाकूच्या डब्यात, अशीच गावाची रीत होती. रानडुकरं आली की काकू काडतुसं लगेच काढून द्यायची. पण भिवबा कुणावर संतापून आला, तर म्हणायची, "देते बाबा, आधी चहा पी." चहा संपेपर्यंत त्याचा राग निवायचा.

भिवबा गेला आणि त्याच्या मुलाने काडतुसं घरीच आणून ठेवली. पुढे जत्रेत पाळण्यात बसण्यावरून त्याचं भांडण झालं. तो तणतणत घरी गेला आणि बंदूक भरून परतला. जत्रेत प्रेतांचा खच पडला.

जप्त झालेली बंदूक चौकीत धूळ खात पडली. कोपऱ्यातल्या काठीने विचारलं, "मालकाची आठवण येते का गं?"

"काकूच्या चहाची येते," बंदूक म्हणाली. "तेव्हा मला त्या चहाचाच राग यायचा."