वेळेआधी उघडलेली भट्टी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात विश्वंभर नावाचा चिनीमातीची भांडी घडवणारा एक कलाकार राहायचा. हात सोन्याचा, पण स्वभाव जळका. चाकावर मातीचा गोळा ठेवला की बघता बघता भांडं उभं राहायचं. आणि दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की बघता बघता तोंड वाकडं व्हायचं.

त्याच्या स्टुडिओत केतकी नावाची मुलगी शिकायला आली. तीन वर्षं तिने माती मळली, भांडी बिघडवली, पुन्हा केली. विश्वंभरने तिला हातचं न राखता सगळं शिकवलं. खोटं कशाला बोला, गुरू म्हणून माणूस चांगलाच होता. पोरीला काही येत नव्हतं तोवर तरी होता.

मग एकदा केतकीने भाताच्या तुसाची राख चाळली, तिचा लेप केला आणि आपल्या वाडग्यांना लावला. भट्टीतून ते वाडगे निघाले ते विहिरीच्या पाण्यासारखे हिरवे, खोल. जो येई तो त्यांच्यापाशीच थांबे. शहरातून एक फोटोवाला आला. वाडग्यांचे फोटो काढता काढता तो विश्वंभरला म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय."

झालं! ते वाक्य विश्वंभरच्या काळजात रुतून बसलं. जेवताना तेच, माती मळताना तेच. पंधरा वर्षं ज्याने या चाकावर घालवली त्यानेच बाजूला व्हायचं? आणि कालची पोर मध्ये उभी राहणार? वाडगे नुसते दिसले तरी त्याच्या पोटात दुखू लागलं. बायको म्हणाली, "अहो, ती तुमच्याच हाताखाली तयार झाली. तिचं नाव झालं तर तुमचंही होईलच की." तर हा तिच्यावरच डाफरला.

अशात शहरातल्या मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. या स्टुडिओला जागा एकच होती. भट्टीतून जे सर्वांत चांगलं निघेल ते न्यायला माणसं येणार होती. विश्वंभरने दोन महिने खपून गुडघ्याएवढी बरणी घडवली. खरं सांगतो, असं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. केतकीने तीन वाडगे केले. सगळं एकाच भट्टीत भाजायचं ठरलं.

आता भट्टीचं एक ऐका. ती पेटवणं सोपं, पण गार होऊ देणं महाकठीण. आच बंद केल्यावर पुरते दोन दिवस दाराच्या विटा हलवायच्या नाहीत. तापलेल्या भांड्याला गार वारा लागला की ते तडकलंच म्हणून समजा. त्यात दाराजवळच्या भांड्यांना पहिला फटका.

भट्टीत भांडी मांडायचं काम विश्वंभरचं. त्याने केतकीचे वाडगे नेमके दाराजवळ मांडले आणि आपली बरणी पार मागे सरकवली. मनात काय होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल. पण सारी नजर त्या वाडग्यांवर, त्यामुळे बरणीचं तोंड वरच्या फळीला टेकतंय हे काही त्याला दिसलं नाही. भट्टी तापून लेप वितळला की बरणी फळीला कायमची चिकटली असती. तो गॅसचं सिलिंडर आणायला गेला.

केतकीने आत डोकावलं आणि बरणी फळीला टेकलेली तिला दिसली. तिने बरणी अलगद उचलून पुढे आणली. तिथे वर मोकळी जागा होती. बरणीच्या जागी तिने आपले वाडगे ठेवले आणि विटा रचून दार लावलं. विश्वंभर परत आला तशी ती सांगायला गेली, "दादा, तुमची बरणी मी जरा..."

"माझ्या बरणीचं नाव काढायचं नाही!" तो खेकसला. "दार लावलंस ना? मग हो बाजूला."

बिचारी बाजूला झाली. भट्टी पेटली, तापली आणि आच बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी बाजाराला गेली. विश्वंभरने इकडेतिकडे पाहिलं आणि दाराच्या अगदी तळाच्या दोन विटा काढल्या. डोंगरावरचा गार वारा सरळ आत शिरला. थोड्याच वेळात आतून आवाज आला, टण्ण! विश्वंभरचा चेहरा खुलला. त्याने विटा होत्या तशा बसवल्या, घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "आज चहात साखर जरा जास्त घाल."

तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून दार उघडलं. समोरच बरणी उभी होती. गळ्यापासून बुडापर्यंत उभा तडा गेलेला. मागे तिन्ही वाडगे धडधाकट, लखलखत होते.

केतकीला रडू फुटलं. "दादा, माझंच चुकलं! तुमची बरणी फळीला चिकटली असती म्हणून मी पुढे आणली. नसता शहाणपणा केला मी." रडत रडत तिने तड्यावरून बोट फिरवलं आणि बोट झटकन मागे घेतलं. बोटाला रक्त आलं होतं.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "ही कड धारदार आहे. भट्टी तापताना तडा गेला असता तर लेप वितळून कड गोल झाली असती. हा तडा गार होताना गेलाय. कुणीतरी दार उघडलं. धारेवरून तडा ओळखायला तुम्हीच शिकवलंत मला."

विश्वंभरला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्या बोटाकडे पाहून त्याची जीभ वळेना. "मीच उघडलं," तो म्हणाला. "तुझे वाडगे फुटावेत म्हणून. आणि आवाज ऐकून मी हसलो गं."

केतकीने आपले वाडगे एकेक करून बाहेर काढले.

"बरणी तुम्ही पुन्हा घडवाल, दादा," ती म्हणाली. "तुमचा हात तसा आहे. पण पुढच्या भट्टीला मी माझी भांडी तुमच्या हाती कशी देऊ, तेवढं सांगा."



तात्पर्य: दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून आत घेतलेला वारा आपलं-परकं पाहत नाही, आणि मत्सराने फुटलेलं भांडं पुन्हा घडवता येतं, फुटलेला विश्वास नाही.