पाडव्याची रेघ

"गुरुजी, कोणी बिघडवलं हे चित्र?"

श्रीरंग दारातच थबकला. शहरातल्या प्रदर्शनासाठी तो गुरूंचं सगळ्यात सुंदर चित्र न्यायला आला होता. त्याच्या आठवणीत त्या चित्रात एक तरणीताठी मुलगी होती. समोर मात्र पिकल्या केसांची म्हातारी बसलेली. नथ तीच, हिरवं लुगडं तेच.

"मीच," भिकाजी चितारी म्हणाले.

"अहो, पण का?"

"दर पाडव्याला एक रेघ काढतो. कधी एखादा पांढरा केस."

चित्रातली ती त्यांची बायको, सुमती. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी गेली. दिवाळीच्या पाडव्याला घरोघरी बायका नवऱ्यांना ओवाळतात. या घरात म्हातारा ब्रश घेऊन बसायचा.

"ती तरुणच बरी होती, गुरुजी."

"तिचं बरं होतं. मी एकटाच म्हातारा होत चाललो होतो..."

श्रीरंग चित्राजवळ गेला.

"आज पाडवाच आहे," गुरुजी म्हणाले. "हात थरथरतो आता. यंदाची रेघ तू काढ."

श्रीरंगची कळी खुलली. सुरकुती काढावी तर श्रीरंगनंच, असं शहरात लोक म्हणत, आणि तो ते आवडीनं ऐकून घेई. चित्रातलं कपाळ अजून कोरंच राहिलेलं पाहून त्याला नवल वाटलं. तिथेच त्यानं एका दमात खोल, आडवी रेघ ओढली. खोटं कशाला बोला, रेघ सुरेख होती.

गुरुजींनी धोतराचा सोगा उचलला आणि ती ओली रेघ पुसून टाकली.

"चुकली?"

"काळजीची काढलीस."

"म्हातारपण असंच दिसतं, गुरुजी. किती म्हातारे चेहरे पाहिलेत मी!"

"पाहिले असशील. मला एकच पाहायचा होता..."

श्रीरंगचा हात खाली आला. शेजारच्या घरात ओवाळणीचं तबक वाजलं.

"मग... कुठे काढू?" त्यानं हळूच विचारलं.

गुरुजींनी थरथरतं बोट तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी नेलं. तिथे आधीच बारीक रेघांची दाटी झाली होती.

"इथे? इथे तर जागाच उरली नाही, गुरुजी."

"बघ, मावली तर... म्हातारपणी आम्ही फार हसलो असतो रे."