निरोपाचा विडा

एका राज्यात पक्षी बोलत, आणि राजाने दिलेला विडा माणसाला कामाशी बांधून टाकी. काम सरले की राजानेच निरोपाचा विडा द्यायचा, तेव्हा पाय मोकळे होत.

एकदा शत्रू चालून आला. बेलदारांनी विडे उचलले, खंदक खणला, शत्रू अडला. जय झाला. राजाने सरदारांना निरोपाचे विडे दिले. बेलदारांची आठवण कोणाला राहिली नाही. वाट पाहून पाहून ते खंदकाकाठी उभ्याउभ्या दगड झाले.

त्यांतल्या राणू बेलदाराची मुलगी गोदा. रोज ती बापाच्या दगडी मिशांवरची धूळ पदराने पुसे, शेळीच्या खोड्या सांगे. एके सकाळी तिच्या खांद्यावर साळुंकी बसली.

"पोरी, प्रधान विजयस्तंभ बांधतोय. येत्या पौर्णिमेला हे दगड फोडणार."

गोदा तडक दरबारात गेली. "निरोपाचे विडे द्या."

म्हातारा प्रधान हसला. "नागाच्या मळ्यातलं न सरणारं पान आण, आभाळाला टेकलेल्या पोफळीची सुपारी आण, राक्षसाच्या भट्टीतला चुना आण. साध्या विड्याने दगड हलत नाहीत."

"आणि आजोबा, तुम्ही काय आणणार? जांभई?"

गोदाने नागाच्या मळ्याला पाट खणून दिला, पान मिळाले. सुपारी साळुंकीने उडत जाऊन आणली. राक्षसाची ढासळलेली भट्टी तिने रचून दिली. त्याने खूश होऊन चुना दिला, वर जेवूनही जा म्हणाला.

पौर्णिमेला राजाची पालखी खंदकाकाठी आली, आणि प्रधानाने राणूच्या हातावर विडा ठेवला. दगड ढिम्म.

"पाहिलंत? घण आणा!"

गोदा बापापुढे आडवी आली. "महाराज, पालखीतून उतरा. विडा तुम्ही द्या."

"बेलदारांसाठी महाराजांनी उतरायचं?" प्रधान कडाडला.

"कामाला बोलावताना उतरले होते ना?"

राजाची मान खाली गेली. तो उतरला, दगडी तळव्यावर विडा ठेवून म्हणाला, "राणू, काम फत्ते झालं. चुकलो मी. घरी जा."

बोटे उबदार झाली. राणूने विडा चघळला.

"चुना जास्त झालाय, महाराज." मग त्याची नजर लेकीकडे गेली. "गोदे! किती वाढलीस गं!"

 गोदा त्याला बिलगली.

राजा खंदकाच्या टोकापर्यंत पायी विडे देत गेला, प्रधान तबक धरून मागून. तिथे सुटले तसे वाट पाहणारे सगळे सुटोत, दिवे लागायच्या आत घरी पोहोचोत.