चुन्यात न घातलेला हात

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक भलामोठा कोरडा खड्डा तेवढा आहे, त्यात हल्ली बकऱ्या चरतात. तिथे एके काळी तळं होतं आणि त्या तळ्यावर अख्खं गाव जगत होतं. नीट ऐका, कारण ही गोष्ट सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं आणि मी दोनदा सांगत नाही.

तळ्याला दगडी भिंत होती. ती भिंत हैबती गवंड्याने सांभाळली होती. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, की तो दोन दगडांमधल्या फटी उकरायचा आणि ताज्या चुन्याने पुन्हा भरायचा. भट्टीतून आलेला चुना आधी खड्ड्यात भिजत घालायचा, मुरू द्यायचा. रोज सकाळी हैबती त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर चुना बोटांत चोळायचा आणि म्हणायचा, “अजून नाही.” मग एके दिवशी म्हणायचा, “झाला.” त्या दिवसापासून काम सुरू. त्याने भरलेली फट कधी पाझरली नाही.

या हैबतीला एकच मुलगा, विसू. पोरगा मोठा हुशार. एकदा ऐकलं की पाठ! हैबतीने हौसेने त्याला टेकडीवरच्या पाठशाळेत घातलं.

आता त्या पाठशाळेची एक रीत होती. रोज सकाळी आचार्य दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, “हात दाखवा.” ज्याच्या बोटांना शाई लागलेली असेल त्याने पुढे बसायचं. ज्याच्या हाताला माती, तेल, रंग, चुना असलं काही दिसेल त्याने मागे, वहाणा काढतात त्या पायरीवर. आचार्य वाईट नव्हते बरं का. त्यांना आपलं वाटायचं, की एका हाताने दोन कामं होत नाहीत.

पहिल्या दिवशी विसूचे हात पांढरे होते आणि चुन्याने त्यांना भेगा पडल्या होत्या. तो पायरीवर बसला. आतला पाठ त्याला अर्धामुर्धाच ऐकू आला आणि पुढच्या पोरांनी मागे वळून दात काढले ते मात्र पुरतं दिसलं. घरी येऊन त्याने आईला सांगितलं, “आजपासून मी चुन्यात हात घालणार नाही.”

आईने त्याच्या भेगांना लोणी चोळलं. हैबती हसला आणि म्हणाला, “नको घालूस. शीक बाबा, पोटभर शीक.”

विसू शिकला. पहाटे उठून पाठांतर, मग धूळपाटीवर अक्षरं, दुपारी गार भाकरी, पुन्हा पाठांतर. महिनाभरात तो पुढच्या ओळीत गेला. ज्या दिवशी लिहायचं काही नसे, त्या दिवशीसुद्धा घरातून निघताना तो दौतीत दोन बोटं बुडवून घ्यायचा. हसू नका! त्या वयात पुढच्या ओळीसाठी माणूस काय वाटेल ते करतो.

वर्षं गेली. हैबती खोकायला लागला. एका सुट्टीच्या दिवशी तो विसूला म्हणाला, “पोरा, रोज थोडा वेळ माझ्याबरोबर तळ्यावर येत जा. मी गेल्यावर भिंतीकडे बघणारं कोणीतरी पाहिजे.”

“आबा, तुम्ही सांगा, मी सगळं लिहून घेतो,” विसू म्हणाला. “लिहिलेलं कधी मरत नाही.”

हैबतीला हे पटलं नाही, पण पोराचं बोलणं त्याला फार आवडलं. खड्ड्याच्या काठावर बापलेक बसले. बाप सांगत होता, पोरगा लिहीत होता. वाळू किती, विटांचा चुरा किती, गुळाचं पाणी किती. मग विसूने विचारलं, “चुना मुरवायचा किती दिवस?”

“मुरेपर्यंत.”

“म्हणजे किती?”

“कधी पंधरा दिवस, कधी दीड महिना. भट्टी कशी भाजली त्यावर आहे.”

“आणि मुरला हे कळतं कसं?”

“हात घातला की कळतं. ये, घाल बघू हात. आजचा कच्चा आहे, बोटांना लगेच सांगेल.”

विसूने हात मागे घेतला. “उद्या आचार्यांना काय दाखवू? आबा, असं मोघम नका सांगू. पोथीत आकडा लागतो.”

हैबतीने आपल्या पांढऱ्या हाताकडे पाहिलं, मग पोराच्या शाईच्या बोटांकडे. त्याला वाटलं, पोरगं शिकलेलं आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. दमलेला होता तो. म्हणाला, “लिही मग, एकवीस.”

विसूने सुबक अक्षरात लिहिलं, एकवीस.

त्याच हिवाळ्यात हैबती गेला. विसूची पोथी आचार्यांनी वाचली आणि त्याला भर सभेत शाल दिली. विसूचा विसाजीशास्त्री झाला. पोथी लाल फडक्यात बांधून देवापुढे ठेवली गेली. गावालाही हायसं वाटलं. हैबती गेला, पण त्याचं सगळं ज्ञान पोथीत उतरलंय, आता कसली काळजी?

पुढे चार-पाच वर्षं हैबतीने भरलेल्या जुन्या चुन्याने निभावलं. मग भिंत पाझरू लागली. गावकरी शास्त्र्याच्या दारी आले. “शास्त्रीबुवा, तुम्हीच आता बघा,” ते म्हणाले.

शास्त्रीबुवांनी पोथीचं लाल फडकं सोडलं. भट्टीतून चुना आला. त्या खेपेला भट्टीवाल्याकडे लाकडं ओली होती, चुना सारखा भाजला नव्हता. हे कुठल्याही पोथीत लिहिलेलं नव्हतं. चुना खड्ड्यात पडला. विसाजीने दिवस मोजले. एकविसाव्या सकाळी तो काठावर उभा राहिला आणि मजुरांना म्हणाला, “काढा.”

त्याची म्हातारी आई काठी टेकत आली होती. ती म्हणाली, “विसू, एकदा हात घालून बघ रे.”

“आई, एकवीस दिवस पुरे झालेत.”

“तुझे आबा हात घातल्याशिवाय कधी ‘काढा’ म्हणाले नाहीत.”

“ही पोथी आबांच्याच तोंडची आहे ना? मग?” विसाजी जरा चिडून म्हणाला. चार माणसांसमोर शास्त्र्याने बाही वर करून चुन्यात हात घालायचा, हे त्याला कसंसंच वाटलं. त्याने मजुरांना पुन्हा खूण केली. मजुरांनी फटी भरल्या, आणि दिसायला काम इतकं देखणं झालं, की लोक मुद्दाम बघायला आले.

पावसाळा झाला, तळं काठोकाठ भरलं. चुन्यात जे कच्चे खडे राहून गेले होते, त्यांना पाणी लागलं. ते हळूहळू फुगले आणि फटीफटीतून चुना फुटून बाहेर आला. आश्विनातल्या एका दुपारी, बाया घागरी भरत असताना, भिंतीचा मधला दगड सरकला. बाया घागरी टाकून पळाल्या म्हणून वाचल्या. दिवस मावळेपर्यंत तळ्याच्या तळाशी नुसता चिखल होता आणि त्यात मासे तडफडत होते.

विसाजी धावत चुन्याच्या खड्ड्याशी गेला. तळाशी थोडा चुना उरला होता. त्याने शाल फेकली आणि कितीतरी वर्षांनी त्यात हात घातला. बोटांना एक खडा लागला. मग दुसरा, मग तिसरा. चण्याएवढे, टणक. डोळे मिटूनही कळावं इतकं साधं होतं ते. सहा वर्षांच्या पोरानेसुद्धा सांगितलं असतं, अजून नाही.

तो तिथेच मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. “आबांनी मला हे का नाही गं सांगितलं?”

मागोमाग काठी टेकत आलेली आई म्हणाली, “सांगता येण्यासारखं होतं तेवढं त्यांनी सांगितलं, बाळा. उरलेलं त्यांच्या हातात होतं. त्यांनी हात पुढे केला, तू मागे घेतलास.”

भिंत पुन्हा उभी करील असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. होळीपर्यंत विहिरी आटल्या. एकेक बैलगाडी गावाबाहेर पडली. शेवटच्या गाडीत विसाजी होता, त्याची आई होती आणि लाल फडक्यातली पोथी होती. ती त्याला टाकवतही नव्हती आणि उघडवतही नव्हती.

पुढे दूरच्या एका गावी विसाजी स्वतः आचार्य झाला. तोही सकाळी दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, “हात दाखवा.” कोणाचे निळीने निळे, कोणाचे मातीने भरलेले. त्यांना तो म्हणायचा, “पुढे बसा. आणि घरी गेलात की जे करता ते सोडू नका.” मग त्यांना तो जीव ओतून अक्षरं शिकवायचा.

एकदा एका रंगाऱ्याच्या लहानग्या मुलीने आपले निळे तळवे पुढे केले आणि विचारलं, “गुरुजी, तुमचे दाखवा ना.”

विसाजीने आपले हात शालीखाली घेतले. ते अगदी स्वच्छ होते.

एवढंच लक्षात ठेवा, जे ज्ञान हातात असतं ते लिहून घेता येत नाही, देणारा जिवंत आहे तोवर त्याच्या हाताशी हात लावूनच ते घ्यावं लागतं.