कोतवालाची टिटवी

माणसांची नाटकं सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. एका माळावर कोतवाल पक्षी रोज संध्याकाळी बाभळीवर बसून नकला करायचा. सशांना त्याची टिटवी फार आवडायची. ही टिटवी नुसतं पान हललं तरी घाबरून ‘टिटिव्, टिटिव्’ ओरडत सुटायची! ससे हसून हसून लोळायचे.

एकदा खरी टिटवी त्याच्याकडे आली. म्हणाली, “कोतवालदादा, आवाज अगदी माझाच काढतोस. पण मी ओरडते कशाला, ते कधी विचारलंस?”

“अगं, गंमत आहे ती! एवढं काय मनावर घेतेस?”

“मी नाही रे, ससे घेतात. काल कोल्हा आला म्हणून मी ओरडले, तर ते पळायचं सोडून हसत बसले. थोडक्यात वाचले.”

कोतवालाने पंख झटकले. “त्यांना आवडतं, म्हणून मी करतो.”

त्याच संध्याकाळी खेळ रंगात आला होता. एवढ्यात सशांच्या पाठीमागे, गवतातून सरपटत येणारा कोल्हा कोतवालाला वरून दिसला. माळावर धोक्याची हाक एकच होती. कोतवाल जीव तोडून ओरडला, “टिटिव्! टिटिव्!”

“वा! आज तर अगदी खरी वाटतेय!” म्हणत ससे हसता हसता आणखी मागे रेलले.